सेपिलोकला जाण्याआधी: सुटका झालेल्या ओरांगउटानचं आयुष्य, टप्प्याटप्प्याने

सकाळचे सव्वादहा. बोर्निओ बेटावरच्या सेपिलोक केंद्रात लाकडी पुलावर शंभरएक माणसं घामाने निथळत उभी होती. समोर झाडाला बांधलेलं मचाण, मचाणावर केळी, पपईच्या फोडी आणि चवळीच्या लांब शेंगांच्या जुड्या. त्यावर ताव मारायला माकडांची टोळी जमली होती. ओरांगउटान एकही नाही. शेजारी उभी असलेली माझी आत्या म्हणाली, "अगं, माकडंच बघायची होती तर माथेरान काय वाईट होतं?"

चूक माझीच होती. विमान, हॉटेल, तिकीट सगळं जुळवलं होतं, पण आपण काय बघायला चाललोय हे तिला धड सांगितलं नव्हतं. प्राणिसंग्रहालयात प्राणी दिसला नाही तर आपण हिरमुसतो. पुनर्वसन केंद्रातला हिशेब उलटा असतो; तिथे प्राण्याला जंगलात परत पाठवायचं असतं. जंगलात फळांचा हंगाम जोरात असला की इथली मचाणं ओस पडतात आणि कर्मचारी खूश असतात. हे घरून निघण्याआधी माहीत असलं तर सहल फुकट जात नाही. म्हणून आधी या प्राण्याचं केंद्रातलं आयुष्य सांगते, मग तिथे जायचं कसं आणि वागायचं कसं ते.

आधी हे समजून घ्या

मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे जंगल. थोडक्यात, वनमाणूस. माकड म्हणू नका, हा कपी आहे, शेपूट नसते. तीन जाती आहेत: बोर्निओतली, सुमात्रातली आणि सुमात्रातच एका छोट्या डोंगराळ पट्ट्यात राहणारी तापानुली. ही तिसरी जात वेगळी आहे हे २०१७ मध्ये जाहीर झालं, आणि तिचे ८०० पेक्षाही कमी प्राणी उरले आहेत. तिन्ही जाती अतिसंकटग्रस्त यादीत आहेत.

पण सगळ्या गोष्टीची किल्ली वेगळीकडेच आहे. ओरांगउटानची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदा विते. तेवढी वर्षं पिल्लू आईच्या अंगावर, मग तिच्या मागे, मग तिच्या आसपास असतं. कुठलं फळ कधी पिकतं, कुठल्या झाडाची साल दाताने सोलून खायची, कुजक्या लाकडातली वाळवी कशी काढायची, कुठली फांदी आपलं वजन पेलेल, संध्याकाळी डहाळ्या वाकवून झोपायची गादी कशी रचायची, यातलं बहुतेक सगळं ते आईकडे बघून शिकतं. आई पिल्लाला सोडून जात नाही. त्यामुळे कुणाच्या अंगणात साखळीला बांधलेलं पिल्लू दिसलं, तर त्याची आई बहुधा मारली गेलेली असते. केंद्राच्या हातात येतं ते असं, शाळा अर्ध्यात सुटलेलं मूल.

आपल्याकडे हा प्राणी बघायची सोय फारशी नाही. बिन्नी नावाची एक मादी पुण्याच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला हलवलं आणि २०१९ च्या मे महिन्यात, ४१ व्या वर्षी, ती तिथे वारली. तेव्हा देशातल्या प्राणिसंग्रहालयांतली ती एकुलती एक होती.

टप्पा पहिला: सुटका

जंगल तोडून तेलताडाची (ज्यापासून पामतेल मिळतं त्या झाडाची) लागवड झाली, किंवा आग लागली (इंडोनेशियात १९९७-९८ आणि २०१५ च्या आगी फार भयंकर होत्या), की ओरांगउटान शेतांकडे सरकतात. तिथे माणसाशी गाठ पडते. मोठा, धडधाकट प्राणी सापडला तर त्याला केंद्रात आणायचंच नाही, बेशुद्ध करून दुसऱ्या सुरक्षित जंगलात नेऊन सोडायचं, हा शहाणा मार्ग. बाण लागल्यावर तो झाडावरून खाली येतो तेव्हा माणसं जाळं ताणून उभी असतात. केंद्रात येतात ती मुख्यतः अनाथ पिल्लं, जखमी प्राणी, आणि घरात पाळलेले. पाळणं मलेशिया आणि इंडोनेशिया दोन्हीकडे गुन्हा आहे, तरी चालतं.

टप्पा दुसरा: विलगीकरण

केंद्रात आल्या आल्या त्याला इतरांत सोडत नाहीत. निदान महिनाभर एकटं ठेवतात. क्षय, कावीळ, हिवताप, पोटातले जंत, सगळ्याच्या तपासण्या होतात. हे सगळं दोन्ही बाजूंनी असतं, म्हणजे आपली सर्दीसुद्धा त्याला महागात पडू शकते. त्वचेखाली चिप बसते. रक्तातून तो नेमका कुठल्या भागातला ते तपासलं जातं, कारण बोर्निओतल्या ओरांगउटानांच्या तीन उपजाती आहेत आणि प्रत्येकाला आपापल्याच मुलखात सोडायचं असतं.

क्ष-किरण तपासणी तर हमखास. कारण मी न सांगता एक उदाहरण देते. मार्च २०१९ मध्ये सुमात्राच्या आचे प्रांतात एक मादी सापडली. नंतर तिचं नाव 'होप' ठेवलं. तिच्या अंगात एअरगनचे ७४ छर्रे होते, काही डोळ्यांत. गळ्याजवळचं हाड मोडलेलं होतं. सोबतचं पिल्लू उपासमारीने वाटेतच गेलं. ती वाचली, पण आंधळी झाली.

टप्पा तिसरा: आईच्या जागी कोण?

नवजात ओरांगउटान दीड-दोन किलोचं असतं आणि आईचे केस मुठीत धरूनच जगतं. एकटं ठेवलं तर ते स्वतःलाच मिठी मारून, हात काखेत घालून कोपऱ्यात बसतं. दूध पाजलं तरी खंगतं. म्हणून त्याला कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं.

बोर्निओच्या इंडोनेशियातल्या भागाला कालिमंतान म्हणतात. मध्य कालिमंतानमधल्या न्यारू मेंतेंग केंद्रात हे काम गावातल्या बायका करतात. १९९९ साली सुरू झालेलं हे केंद्र अशा कामातल्या सगळ्यांत मोठ्या केंद्रांपैकी एक. बाटलीने दूध, लंगोट, रात्री उठून बघणं, ताप आला तर डोक्यावर हात, सगळं आपल्या घरातल्यासारखंच. सकाळी चारपाच पिल्लं ढकलगाडीत बसून जंगलाकडे निघतात. जगभर फिरलेले ते गोड फोटो याच वाटेवरचे.

मला विचाराल तर हा सगळ्यांत अवघड टप्पा आहे, आणि तोही पिल्लापेक्षा त्या बाईसाठी जास्त. तिने माया लावायची, कारण त्याशिवाय ते जगत नाही. आणि मग एकेक करून माया काढून घ्यायची, कारण माणसाला लळा लागलेला ओरांगउटान जंगलात टिकत नाही. तो परत वस्तीकडे येतो. म्हणून होता होईल तेवढ्या लवकर पिल्लाला दुसऱ्या पिल्लांत सोडतात. सेपिलोकमध्ये लहानग्याची जोडी थोड्या मोठ्या ओरांगउटानशी लावतात. धरायला केस हवेत ना, मग ते आपल्याच जातीतल्या कुणाचे असले तर बरं.

टप्पा चौथा: जंगलशाळा

या टप्प्याचं नावच मुळी 'शाळा' आहे. रोज सकाळी जंगलात न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. काही वर्षं.

पहिला धडा चढणं. ऐकून हसू येतं, पण पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाला उंचीची भीती वाटते. ते जमिनीवर बसून राहतं. सेपिलोकच्या लहानग्यांच्या विभागात मी काचेमागून पाहिलं: एक पिल्लू दोरावरून उतरून खाली आरामात बसलं. कर्मचाऱ्याने त्याला उचललं, दोराला लावलं. ते उतरलं. त्याने परत लावलं. पाच वेळा तरी. दोघेही रागावले नाहीत. सहाव्या वेळी वरून दुसऱ्या एकाने त्याचा पाय ओढला आणि ते भांडायला म्हणून वर गेलं. कर्मचारी तेवढ्यात पाणी प्यायला निघून गेला.

दुसरा धडा खाणं. पिंजऱ्यात त्याने भात, बिस्किटं, काहीही खाल्लेलं असतं. इथे रानफळं, कोवळी पानं, सालीखालचा गर, मुंग्या, वाळवी दाखवायची. सांभाळणारा स्वतः पान तोंडाला लावून दाखवतो, दगडाने फळ फोडून दाखवतो. मधाचं बोट आत लावलेली बांबूची नळी देतात. तो काडी घालून मध काढायला शिकतो. हेच हात पुढे वाळवीच्या बिळात चालतात.

तिसरा धडा गादी, आणि इथे बरेच जण नापास होतात. जंगली ओरांगउटान रोज रात्री उंच झाडावर नवी गादी रचतो. आधी जाड फांद्या वाकवून पाया, मग बारीक डहाळ्या विणून वर पानांचा थर. पाऊस असला तर डोक्यावर पानांचं छप्परही. शाळेतली पिल्लं सुरुवातीला चार पानं गोळा करतात, त्यावर बसतात, आणि पानं खाली पडली की आश्चर्याने बघत राहतात. काही महिन्यांनी एखाद्याला जमतं, आणि मग बाकीचे त्याची नक्कल करतात. नक्कल हीच या शाळेची खरी पद्धत. माणूस शिकवतो त्यापेक्षा वर्गमित्र जास्त शिकवतो.

चौथा धडा भीती. साप, आणि माणूस. काही केंद्रांत रबरी साप टाकून सांभाळणाऱ्या बायका खोटंखोटं किंचाळतात, पळतात. पिल्लं बघतात, लक्षात ठेवतात. माणसाची भीती शिकवणं मात्र अवघड, कारण शिकवणारा माणूसच. अनोळखी माणसांना लांब ठेवणं एवढाच त्यावर उपाय. हे लक्षात ठेवा, पुढे तुमच्यासाठी लागणार आहे.

टप्पा पाचवा: बेटावर

ओरांगउटानला पोहता येत नाही. त्यामुळे नदीतलं जंगल असलेलं बेट म्हणजे बिनभिंतीची परीक्षा. न्यारू मेंतेंगकडे अशी बेटं आहेत. तिथे ते दिवसरात्र स्वतःच्या जिवावर राहतात. बोटीने थोडं जास्तीचं खाणं येतं आणि निरीक्षक लांबून नोंदी घेतात: किती वेळ खाण्यात गेला, किती वेळ जमिनीवर, रात्री कुठे झोपला, माणूस दिसल्यावर जवळ आला की लांब गेला. जवळ येणाऱ्याचा मुक्काम वाढतो.

टप्पा सहावा: सोडणं

मानेच्या मागे त्वचेखाली एक छोटा ट्रान्समीटर बसवतात. पेटीतून आधी ट्रक, मग जिथे रस्ता संपतो तिथून बोट किंवा हेलिकॉप्टर. कालिमंतानमधल्या बुकित बातिकापच्या जंगलात २०१२ पासून, आणि बुकित बाका बुकित राया या राष्ट्रीय उद्यानात २०१६ पासून असे प्राणी सोडले गेले. मलेशियाच्या साबा राज्यात सेपिलोकचे काही ओरांगउटान ताबिन अभयारण्यात गेले. पेटीचं दार उघडल्यावर बहुतेक जण सरळ झाडावर चढतात, मागे वळून बघत नाहीत. पुढे निरीक्षक पहाटे त्याच्या गादीखाली जाऊन बसतात, तो उठला की मागे चालतात, आणि रात्री नवी गादी रचली की परततात. कित्येक महिने.

कुणाला कुठे सोडायचं यावर वादही होतात. आल्बा ही रंगद्रव्य नसलेली, पांढऱ्या केसांची मादी २०१७ मध्ये वाचवली गेली. नजर कमजोर, उन्हाचा त्रास, शिकाऱ्यांच्या नजरेत भरणारी. तिला वेगळं बेट द्यायचं ठरत होतं. पण तिने इतकी उत्तम प्रगती दाखवली की डिसेंबर २०१८ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानातच सोडलं.

आणि जे कधीच सोडता येत नाहीत ते? होपसारखे आंधळे, हात गमावलेले, संसर्ग असलेले, किंवा वीस वर्षं पिंजऱ्यात काढून झाड विसरलेले. ते केंद्रातच राहतात. जागेचा, खर्चाचा मोठा वाटा त्यांच्यावर जातो आणि त्यांचे फोटो फारसे कुणी काढत नाही.

आता तुमची पाळी: सेपिलोक कसं गाठायचं

सेपिलोक १९६४ पासून चालू आहे. मलेशियाच्या साबा राज्यात, सांदाकान शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, चार हजार हेक्टरहून मोठ्या राखीव जंगलाच्या कडेला. मुंबईहून क्वालालंपूर, तिथून सांदाकान, किंवा मध्ये कोटा किनाबालू. साबाचं इमिग्रेशन वेगळं आहे; देशांतर्गत विमान असलं तरी पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो, तेव्हा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी ठेवू नका. घड्याळ अडीच तास पुढे करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाऊस झोडपून काढतो.

एका दिवसाचा बेत असा करा. नऊच्या सुमाराला पोचा. बॅगा लॉकरमध्ये ठेवाव्या लागतात, आणि ते बरंच आहे: पाण्याची बाटली, खाऊ, डास पळवायचा फवारा, यातलं काहीही माकडं आणि ओरांगउटान दोघेही हिसकावतात, आणि फवारा त्यांच्या पोटात गेला तर घातक. फवारा मारायचाच तर बाहेर मारून या. दहाला मचाणावर खाणं येतं. तिथून लहानग्यांच्या विभागात जा. काचेमागे बसायची वातानुकूलित जागा आहे आणि घरातल्या ज्येष्ठांना तीच सगळ्यांत आवडते. दुपारी शेजारच्या सूर्य-अस्वलांच्या केंद्रात चक्कर मारा. तीन वाजता मचाणावर दुसऱ्यांदा खाणं येतं. दोन्ही वेळा थांबायची तयारी ठेवून या. एकच वेळ बघून निघालेले लोकच जास्त कुरकुरतात.

मचाणावर रोज साधारण तेच ते खाणं का, असं कुणी विचारलं तर सांगा की कंटाळा यावा हाच हेतू आहे. पोटाला आधार मिळतो, पण चवीसाठी जंगलातच जावं लागतं.

सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. एखादा ओरांगउटान पुलाच्या कठड्यावरून चालत आलाच, तर मागे सरका, वाट द्या, हात पुढे करू नका. मोठ्या नराचं वजन पाऊणशे किलोच्या पुढे जातं आणि ताकद विचारू नका. तो तुमच्याकडे प्रेमाने येत नाहीये. तुमच्या हातात काय आहे ते बघायला येतोय. त्याला काही मिळालं, तर चौथा धडा वाया गेला.

पूर्ण जंगलीच बघायचा असेल तर किनाबातांगान नदीवर सुकाऊला दोन रात्री काढा आणि बोटीतून बघा. दिसेलच अशी खात्री कुणी एजंट देत असेल तर त्याच्यावर विसंबू नका.

खोटं केंद्र कसं ओळखायचं

पिल्लू मांडीवर देऊन फोटो काढू देतात का? कपडे घालून खेळ करवतात का? दरवर्षी नवी पिल्लं दिसतात, पण मोठी झालेली कुठे गेली याचं उत्तर नाही? मग लांब राहा. थायलंडमध्ये ओरांगउटानांच्या बॉक्सिंगचे खेळ चालत; त्या प्रकरणानंतर २००६ मध्ये ४८ ओरांगउटान इंडोनेशियाला परत पाठवावे लागले. स्वयंसेवक म्हणून जायचं असेल तरी हीच कसोटी लावा. चांगलं केंद्र तुमच्याकडे लसींचे, क्षयाच्या तपासणीचे कागद मागतं आणि तुम्हाला प्राण्याला हात लावू देत नाही. पिंजरे धुवायला, दोर विणायला, फळं चिरायला देतं. "कडेवर घ्यायला मिळेल" अशी जाहिरात असेल तर तो व्यवसाय आहे. 'दत्तक' योजनांतही पैसे एका प्राण्याच्या नावाने घेतले तरी ते सगळ्यांच्या खर्चात जातात, आणि तसंच असायला हवं.

सुकाऊच्या रस्त्यावर तेलताडाचे मळे लागतात. आधी आत्याला कोकणातल्या माडांच्या बागा आठवल्या. तासाभराने ती गप्प झाली, कारण बाग संपतच नव्हती. पामतेल सगळ्यांत जास्त आयात करणारा देश आपलाच; आपल्या फरसाणात, बिस्किटांत ते असतं. त्यावर सरसकट बहिष्कार मला पटत नाही, कारण एका हेक्टरात एवढं तेल दुसरं कुठलंच पीक देत नाही, आणि दुसरं पीक घ्यायचं तर आणखी जमीन लागेल. पाकिटावर आरएसपीओची (पर्यावरण सांभाळून काढलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) खूण शोधायला मात्र काही हरकत नाही.

तर त्या दिवशी तीन वाजता आम्ही परत पुलावर होतो. दहा मिनिटांनी दोर हलला. एक मादी आली, पोटाला पिल्लू चिकटलेलं. तिने चवळीच्या शेंगांची जुडी तोंडात धरली, केळी एका पायात घेतली, आमच्याकडे पाठ करून बसली, खाल्लं, आणि चार मिनिटांत गेली. आत्याने फोन वर केलाच नाही.

परतताना रेंजरने एका झाडाच्या बेचक्यात पानांचा गोळा दाखवला. पानं अजून हिरवी होती. तोडक्यामोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, हे अलीकडचं. तपकिरी दिसलं तर जुनं. आत्याने मला विचारलं, "रोज नवं?"

"रोज."

"आणि आमच्याकडे गादी बदलायचं म्हटलं की तुझे काका दिवाळी दाखवतात."